दोन माणसांचं मशीन

राजाराम ड्रायव्हरने कुडाळची गाडी स्टँडात न नेता भर बाजारात माझ्या दुकानासमोर उभी केली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. हा माणूस प्रत्यक्ष कलेक्टर रस्त्यात आडवा झोपला तरी वळसा घालून पुढे जाणारा. त्याने इंजिन बंद केलं, खिडकीतून निम्मा बाहेर वाकला आणि म्हणाला, "बाबी, भालचंद्रमास्तर गेले रे. सकाळी. आंघोळीचा पाणी तापत ठेवल्यानी होता..." मागून प्रवासी ओरडायला लागले तशी गाडी पुढे गेली. माझ्या हातात एका टेपरेकॉर्डरचं पोट उघडं होतं, ते तसंच ठेवून मी शेजारच्या घड्याळवाल्याला सांगितलं, "भालचंद्र गेलो." त्याने डोळ्याचं भिंग काढलं, स्टूल पुढे ओढलं आणि हसत म्हणाला, "बरा. मगे फुडे काय झाला?" त्याची चूक नाही. आठवड्यापूर्वीच मी त्याला सांगितलं होतं की दुरुस्तीला आलेल्या एका रेडिओतून जिवंत खेकडा निघाला आणि तो बातम्यांच्या वेळेला बरोबर नांग्या वाजवतो. "फुडे काय नाय," मी म्हटलं. "इतक्याच." पुढे काही नसलेली ती माझी आयुष्यातली पहिली गोष्ट असेल. त्याने उठून माझ्या दुकानाची फळी लावली.

धामापूर मालवणपासून एवढंसं. पण आठ महिने मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. त्याआधीची सहा-सात वर्षं एक मंगळवार चुकला नव्हता. दुकानाला मंगळवारी सुट्टी, म्हणून मंगळवार. मग असं काय झालं की भालचंद्राच्या घरासमोरून जाणाऱ्या गाडीत बसायचीही मला लाज वाटावी? ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. मी खोटारडा माणूस आहे हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. त्यामुळे खाली जिथे जिथे माझी फजिती झालेली दिसेल, तेवढं खरं धरून चालावं.

भालचंद्र हायस्कुलात गणित आणि चित्रकला शिकवायचा. लग्न केलं नाही. थोरली बहीण इंदूताई, तिला वैधव्य आलं तेव्हा ती माहेरी आली आणि तिचा मुलगा मोठा होऊन बोटीवर गेला. चौऱ्याऐंशीच्या सुमाराला हा भाचा सुट्टीवर आला तो एक खोकं घेऊन. त्यात पाटीएवढं एक मशीन, वर रबरी बटणं, टीव्हीला जोडायची एक वायर आणि टेपरेकॉर्डरला जोडायची दुसरी. भाचा बोटीवर परत गेला आणि मास्तर टेपरेकॉर्डर काखोटीला मारून माझ्या दुकानात आले. म्हणाले, "ह्यो टेप गाणी बरी म्हणता. पण माझा मशीन म्हणता, माका ऐकाक येणा नाय." मी मशीन बघितलेलं नव्हतं. पण दुकानात आलेल्या माणसाला 'मला माहीत नाही' असं सांगायची माझी पद्धत नाही. "कॉम्प्युटर ना? मुंबईक होतंय तेवा रोज दोन दुरुस्त करी," असं मी छातीठोक सांगितलं. भालचंद्र चष्मा पुसत म्हणाला, "आसात."

हा त्याचा 'आसात' मी पुढे हजार वेळा ऐकला. प्रमाण मराठीत सांगायचं तर 'असेल'. पण त्याच्या तोंडी त्यात शंका नसायची, टोमणा नसायचा. समोरच्याने मांडलेल्या गोष्टीला बसायला पाट द्यावा, तसा तो शब्द होता.

त्या मशीनची गंमत अशी की बटण दाबलं की ते जागं व्हायचं, पडद्यावर एक ओळ उमटायची, एक चौकोन लुकलुकायचा आणि बास. त्याला काही म्हणजे काही येत नसे. खेळ हवा असेल तर तो कॅसेटवरून त्याच्या कानात ओतायचा. कॅसेट लावली की टेपमधून असा आवाज यायचा की काय सांगू... शंभर डुकरं एकदम चुलीवर बसवावीत, तसा. धामापूरच्या तळ्यातले बेडूक त्या आवाजाने पाच मिनिटं गप्प व्हायचे, आणि आमचं संपलं की एकदम माफी मागितल्यासारखे सुरू व्हायचे. आवाज जरा मोठा झाला तर मशीन नको म्हणायचं, जरा लहान झाला तरी नको म्हणायचं. टेपच्या हेडला, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या भागाला, एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवत राहावं लागायचं. म्हणजे एका माणसाने पडद्याच्या कडेला हलणारे पट्टे बघायचे आणि दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. "डावीकडे... डावीकडे रे... पुरे पुरे, मेल्या, पुरे म्हटलंय ना!" एका माणसाचं ते कामच नव्हतं. भालचंद्राने एकट्याने करून बघितलं होतं, मान पडद्याकडे आणि हात मागे टेपवर ठेवून; इंदूताईने आठ दिवस त्याच्या मानेला तेल चोळलं. म्हणून मंगळवार सुरू झाला. मी गाडीतून उतरायचो, इंदूताई म्हणायची, "इलो तुझो स्क्रूवालो," आणि आम्ही दोघे पन्नाशी ओलांडलेले बाप्ये त्या काळ्यापांढऱ्या टीव्हीसमोर मांडी घालून बसायचो.

खेळ एकच होता. पडद्यावर एक त्रिकोण, त्याला आम्ही होडी म्हणायचो. समोरून खडक येत राहायचे. त्यांच्या मधून होडी काढायची. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसांना आणखी काय हवं? भालचंद्र शांत खेळायचा, जणू फळ्यावर वर्तुळ काढतोय. मी ओरडायचो, होडीला शिव्या द्यायचो, वळवताना स्वतःच वळायचो. दोनदा टीव्हीसकट वळलो आहे. आणि माझी होडी फुटायची. पण त्या मशीनचा एक मोठा गुण होता. लाईट गेली की ते सगळं विसरायचं. धामापुरात लाईट कायमच जायची. म्हणजे माझे गुण किती झाले हे दुनियेत फक्त दोघांना ठाऊक, आणि त्यातला एक मी. घरातून निघताना माझे बाराशे असायचे. गाडीत बसेपर्यंत पाच हजार, मालवणच्या स्टँडात उतरेपर्यंत पन्नास हजार. एकदा कणकवलीपर्यंत जायचं होतं, तर फोंडाघाटाच्या एका व्यापाऱ्याला मी तीन लाख सांगून मोकळा झालो. कोणी भालचंद्राला विचारलंच, "काय मास्तर, बाबी सांगता ता खरा?" तर तो चष्मा पुसत म्हणायचा, "आसात."

आता ती जत्रेची गोष्ट. माझ्या दुकानात मी भजनांच्या कॅसेटी भरून द्यायचो आणि आमच्या होडीच्या कॅसेटचीही एक जास्तीची प्रत तिथेच काढून ठेवली होती. दोन्ही सारख्याच कोऱ्या डब्यांत, नाव टाकायचं राहून गेलेलं. धामापूरच्या भगवतीच्या जत्रेला लाऊडस्पीकरवाला घाईघाईने आला आणि भजन म्हणून होडी घेऊन गेला. भर दुपारी, देवळासमोर नारळ घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावर चार भोंग्यांतून तो आवाज सुटला. सगळी जत्रा जागच्या जागी थिजली. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "गप ऱ्हवा, देवी बोलता हा." लाऊडस्पीकरवाला मशीनला थपडा मारतोय, पण कॅसेट काढायचं कोणाच्या मनात येईना. पुढची सहा वर्षं मी ही गोष्ट अशी सांगत आलो की भालचंद्र त्या वेळी घरी होता, त्याने भोंग्याचा आवाज ऐकून टेपचा मायक्रोफोन खिडकीत धरला आणि तळ्यापलीकडून, वाऱ्यावरून, भातशेतांवरून होडी त्याच्या टीव्हीवर येऊन उभी राहिली. लोक त्याला विचारायचे. तो म्हणायचा, "आसात."

खरं आज पहिल्यांदा लिहितो. तो घरी नव्हता. माझ्या शेजारी उभा होता, हातात नारळ घेऊन. तो आवाज सुरू झाल्यावर साऱ्या जत्रेत फक्त आम्हा दोघांना कळलं की हे काय आहे. भालचंद्र कधी मोठ्याने हसायचा नाही. त्या दिवशी तो देवळाच्या पायरीवर बसला, नारळ पोटाशी धरला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आजूबाजूच्यांना वाटलं अंगात आलं. कोणीतरी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं... तो माझ्याकडे बोट दाखवत राहिला आणि त्याला शब्द फुटेना. गोष्टीत हे मी कधी घातलं नाही. का, ते मला आता आता कळायला लागलं आहे. ते माझ्यापुरतं ठेवलं होतं.

पुढे कोल्हापूरच्या एका कचेरीतून मोडीत निघालेलं दुसरं मशीन त्याच्या एका माजी विद्यार्थ्याने घाट उतरवून आणून दिलं. हे मशीन म्हणजे लोखंडी पेटाऱ्याएवढं, पडद्यावर फक्त हिरवी अक्षरं, आणि फ्लॉपी घालायला दोन खाचा. याला 'सिस्टीम' होती. आधी सिस्टीमची फ्लॉपी घालायची, मग ते कामाला तयार व्हायचं. मी विचारलं, "सिस्टीम म्हणजे काय ता?" मास्तरांच्या अंगातला मास्तर जागा झाला. "स्टँडातलो कंट्रोलर बघितलंस? गाडी आसा, ड्रायव्हर आसा, माणसां आसत. पण तो खिडकीतसून सांगी नाय तोपर्यंत कोण हलता? तसा. पयलो मशीन म्हणजे रस्त्यावरचो थांबो. हात दाखवलो, चढलो. ह्या मशीनात कंट्रोलर बसलोहा." आणि कंट्रोलर अगदी स्टँडातल्यासारखाच निघाला. शब्दात एक अक्षर चुकलं तर तोच शब्द पुढे प्रश्नचिन्ह लावून परत तोंडावर फेकायचा. कधी भर खेळात इंग्रजीतून 'चूक झाली' एवढंच सांगून खिडकी बंद करायचा. काय चूक, कोणाची, ते नाही. आमच्या दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी धरायची, म्हणून इंदूताईने त्या तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. बुरशी गेली, पण एकदा खाचेत उकड्या तांदळाचा दाणा अडकला आणि कंट्रोलर तीन दिवस संपावर गेला. मी चिमट्याने दाणा काढला. 'शस्त्रक्रिया पाच तास चालली' असं मी सर्वत्र सांगितलं. दहा मिनिटं लागली होती.

त्या मशीनवर होडी नव्हती. चित्रच येत नसे. जो खेळ होता तो निव्वळ वाचायचा होता: तुम्ही एका गुहेत आहात, समोर वाट आहे, आता काय करता? आपण इंग्रजीत लिहायचं, ते उत्तर द्यायचं. भालचंद्र ड्रॉईंगच्या कागदावर त्या गुहेचा नकाशा काढायचा. कागदाला कागद जोडत तो नकाशा खोलीभर झाला. मी तो तळ्यापर्यंत गेल्याचं सांगितलं आहे. पडवीपर्यंत गेला होता हे मात्र खरं. त्या गुहेत एक दार होतं, ते काही केल्या उघडेना. तीन महिने आम्ही त्या दारापुढे बसलो. मी वैतागून मालवणीत चार शिव्या टाईप केल्या. त्याने 'हा शब्द मला ठाऊक नाही' असं नम्रपणे कळवलं. मग एका मंगळवारी मी गेलो तर भालचंद्र पायरीवरच उभा. "दार उघाडला," तो म्हणाला. "कधी?" "बेस्तरवारी." "मगे आत काय होता?" तो म्हणाला, "काय म्हायत? मी खंय गेलंय आत? तू नाय होतंस." गुरुवारी दार उघडून, तिथपर्यंतचा खेळ फ्लॉपीवर ठेवून, हा माणूस पाच दिवस उंबऱ्यावर बसून राहिला होता. मी त्या वेळी त्याची टर उडवली. "म्हणजे काय, मास्तर, भुताक भियालंस?" तो म्हणाला, "आसात."

तिसरं मशीन आलं आणि माझं बिनसलं.

मास्तर तोपर्यंत निवृत्त झाले होते. एका काजू कारखानदाराने पत्रं आणि डब्यांची लेबलं टाईप करण्यासाठी त्यांच्या घरी चांगलं कोरं मशीन आणून बसवलं. त्याची सिस्टीम डॉस. ती आतल्याआत, मशीनच्या पोटातच असायची. फ्लॉपी नको, तांदळाचा डबा नको. भाच्याने पुढच्या सुट्टीत त्यावर होडीचा खेळ आणून टाकला, तोच त्रिकोण, तेच खडक, फक्त आता रंगीत. भालचंद्राने खेळाचं नाव टाईप केलं, एक बटण दाबलं, आणि होडी हजर. मी स्क्रूड्रायव्हर खिशातून काढत होतो, तो तसाच आत ठेवला. ना स्क्रू, ना पट्टे, ना 'डावीकडे रे'. इंदूताई म्हणाली, "बरा झाला, आता बाबीक त्रास नाय." मी मोठ्याने हसलो. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी कोणाला काही सांगितलं नाही. कंडक्टरने विचारलं, तब्येत बरी आहे ना?

आणि ह्या मशीनला स्मरण होतं. खेळ संपला की ते नाव विचारायचं आणि दहा जणांची यादी दाखवायचं, सगळ्यात जास्त गुणांपासून खाली. लाईट गेली तरी यादी जायची नाही. मी हे फारसं मनावर घेतलं नाही. माझं बोलणं चालूच होतं, आकडा आता ऐंशी हजारांवर स्थिरावला होता. एका मंगळवारी राजारामची गाडी भालचंद्राच्या घरासमोर पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत तो चहाला आत आला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याचे ते ऐंशी हजार खंय आसत ते दाखवा बघू. सगळ्या डेपोक सांगून ऱ्हवलोहा." मी भालचंद्राकडे बघितलं. चष्मा पुसत तो एक शब्द म्हणाला असता की झालं असतं. तो उठला, मशीन चालू केलं आणि यादी काढली. वरच्या सगळ्या ओळींत भालचंद्र. सगळ्यात खाली, दहावा, मी: तीन हजार एकशे चाळीस. राजाराम इतका हसला की चहा त्याच्या नाकातून आला. कुडाळपासून मालवणपर्यंत प्रत्येक थांब्यावर ती गोष्ट उतरली.

तो गेल्यावर मी भालचंद्राला म्हटलं, "एक शब्द बोलाक काय झाला होता तुका? मशीन बिघाडलाहा म्हणान सांगूचा."

"माका खोटा बोलाक येणा नाय, बाबी."

"मगे इतकी वर्सां आसात, आसात करी होतंस ता काय?"

"तेवा कोणाक म्हायत होता? आसतीतय ऐंशी हजार." तो अगदी शांतपणे, गणित समजावल्यासारखा बोलत होता. "आता आकडो समोर आसा. आता कसा म्हणू?"

त्याचं बरोबर होतं. तेच तर मला सहन झालं नाही. मी चप्पल घातली. इंदूताईने आतून विचारलं, "जेवान जातंस मा?" तोवर मी पायरी उतरलो होतो. पुढच्या मंगळवारी मी दुकान उघडं ठेवलं. त्याच्या पुढच्याही. लोकांना सांगितलं, धंदा फार वाढलाय, सुट्टी परवडत नाही. मंगळवारी बाजारच बंद असतो. मी एकटाच उघड्या दुकानात बसून रस्त्यावरची कुत्री मोजायचो. ती चार होती. मी कोणालाही सांगायला गेलो नाही की चाळीस होती... सांगायचं तर ऐकून 'आसात' म्हणणारं कोण होतं?

चारेक महिन्यांनी राजारामनेच निरोप आणला. "मास्तरांनी सांगल्यानी हा, मशीन बिघाडलाहा. मंगळवारी येवन बघ." मी म्हटलं, "त्या मशीनातला माका काय कळता? त्येका स्क्रू खंय आसा?" आणि गेलो नाही. मनात म्हटलं, दुरुस्तीला माणूस हवा तेव्हा आठवण होते. तो शेवटचा निरोप.

तेराव्यानंतर इंदूताईने बोलावलं म्हणून गेलो. भाचा कुठल्या तरी समुद्रावर होता, त्याला तारेने कळवलं होतं. उतरायला मिळायचं नव्हतं. इंदूताई पायरीवर बसली होती. एवढंच म्हणाली, "इलंस?" मग आत बोट दाखवत, "त्या मशीनाचा काय करू रे? कारखानदार म्हणता ऱ्हवांदे तुमच्याकडेच. माका तर बटाण खंयचा ताय ठावक नाय." मी आत गेलो. मशीनवर तिने त्याचा धुतलेला पंचा अंथरून ठेवला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मधी बिघाडला होता ना? कोणी केल्यान दुरुस्त?"

"खंय बिघाडला?" ती म्हणाली. "एक दिवस बंद नाय. रोज दुपारी लेबलां झाली काय बसलोच तेच्यापुढे."

मी पंचा हातात घेऊन उभा राहिलो. ज्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, तो एकदा बोलला होता. शब्दही माझेच वापरले होते, मी रागाने त्याच्या तोंडावर फेकलेले. आणि मी सराईत, पन्नास वर्षं खोटं बोलण्यात मुरलेला... मला ते ओळखता आलं नाही.

मशीन चालू केलं. हे मशीन सुरू होताना आधी तारीख दाखवतं आणि बरोबर आहे का विचारतं. त्याच्या पोटात घड्याळ नाही, त्यामुळे बंद केलं की त्याला काळ कळत नाही. दर वेळी ते एकोणीसशे ऐंशीच्या पहिल्या जानेवारीपासून सुरू होतं. वार दाखवतं मंगळवार. मी नेहमी मंगळवारीच जायचो, त्यामुळे मला ते कधी खटकलं नव्हतं. त्या दिवशी शनिवार होता. "तो तारीख घाली नसा?" मी इंदूताईला विचारलं. ती म्हणाली, "काय की. पयला बटाण असाच दाबी. म्हणी, बरोबर आसा." म्हणजे ह्या घरात आठ महिने रोज मंगळवार होता.

मी होडी लावली. खेळलो. तिसऱ्या खडकावर आपटलो. यादी आली. माझी ती तीन हजारांची ओळ यादीतून गेली असणार, हे मी धरूनच चाललो होतो. पहिली ओळ भालचंद्राची. दुसरी माझी. तिसरी भालचंद्राची, चौथी माझी. पाचवी त्याची, सहावी माझी... इंग्रजी अक्षरांत, बाबी. मी परत वाचलं. आठ महिने मी ह्या बटणांना शिवलो नव्हतो आणि माझ्या नावावर असे आकडे होते जे मी कणकवलीच्या पलीकडे जाऊनच सांगितले असते. इंदूताई मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "एकदा आपलो डाव खेळी, एकदा तुझो. तुझ्या डावाक वराडत खेळी हां. शिवी घाली होडयेक. मी म्हणी, गप रे, लोक काय म्हणतीत." भालचंद्र. ओरडत. मी खूप प्रयत्न केला, पण मला ते डोळ्यांसमोर आणता येईना. पाच ओळी माझ्या होत्या, पाच त्याच्या, आणि प्रत्येक वेळी मी त्याच्यापेक्षा थोडासा कमी. मेल्याने एकदासुद्धा मला जिंकू दिलं नव्हतं.

फक्त शेवटच्या दोन ओळी उलट्या होत्या. नववी माझी आणि दहावी त्याची. कदाचित त्या दिवशी त्याला बरं नसेल. कदाचित मी फार चांगला खेळलो असेन.

आता मी दर मंगळवारी जातो. इंदूताई जेवायला वाढते, मग मी मशीनसमोर बसतो, तारीख न बदलता पहिलं बटण दाबतो. मशीनचा हिशोब सरळ आहे. यादीत दहाच जण मावतात. नवा कोणी आत आला की दहावा बाहेर पडतो आणि तो परत कुठेच सापडत नाही. दहाव्या ओळीत भालचंद्राचे चार हजार वीस आहेत. सुरुवातीला काळजी नव्हती, माझी मजल माहीत होती. पण रोज बसणारा तो नाही, दर आठवड्याला बसणारा मी आहे, आणि ह्या वयात माझा हात सुधारतो आहे. गेल्या मंगळवारी होडी माझ्या हातात अशी चालली की काय सांगू... काही वाढवून सांगत नाही. खडक येत होते आणि मी ओरडत नव्हतो. तीन हजार नऊशे. तीन हजार नऊशे ऐंशी. समोर मोकळं पाणी होतं. मी होडी डावीकडे वळवली, आणखी डावीकडे, आणि खडकावर घातली.

इंदूताईने चुलीपुढून विचारलं, "कितके झाले रे?"

"थोडे कमी पडले गो," मी म्हटलं.